रेल्वेच्या डब्यावरचे ‘हँड ऑफ डूम’ आणि ग्राफिटीचे हेवी मेटलशी असलेले नाते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्राफिटीविषयी, म्हणजे भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर नावे रंगवण्याच्या कलेविषयी, प्रसिद्ध झालेला लेख मी दोन वेळा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा द्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला आणि त्यासाठी लेखकाचे व आपले आभार मानणे मी माझे कर्तव्य समजतो. मात्र ग्राफिटी हे हिप-हॉप संगीताचे अपत्य आहे, असे गृहीत धरूनच त्या लेखाची सगळी मांडणी झाली आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर अक्षरे रंगवणाऱ्या मुलांपैकी काही जण हार्ड रॉक आणि हेवी मेटल हे गिटारचे दणदणीत, जड संगीत ऐकत वाढले आणि त्या संगीताने त्यांच्या हातातल्या अक्षरांना वळण दिले, ही गोष्ट त्यात एका ओळीनेही आलेली नाही. चाळीस वर्षे मी अक्षरे काढून घर चालवले. नाटकांच्या जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, औषधांच्या खोक्यांवरची नावे, जे आले ते केले. त्यामुळे अक्षरांच्या एका मोठ्या घराण्याची नोंद अर्धीच राहिलेली पाहून मला स्वस्थ बसवले नाही. पत्र लांबले आहे. विषयाच्या प्रेमापोटी ते लांबले, हे ध्यानात घेऊन आपण ते वाचावे, ही विनंती.

मला प्रामुख्याने ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांचे नाव रिचर्ड मिरांडो. भिंती रंगवणाऱ्यांच्या जगात ते ‘सीन’ या नावाने ओळखले जातात. 1961 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्यांचा जन्म झाला, आणि 1973 च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडची मुले ज्या वयात सातवीच्या वर्गात बसलेली असतात त्या वयात, त्यांनी भुयारी रेल्वेच्या डब्यांवर नाव लिहायला सुरुवात केली. पुढे ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ या आपल्या गटाबरोबर त्यांनी 6 क्रमांकाच्या मार्गावर इतके डबे रंगवले की, त्या मार्गाचे नाव आणि त्यांचे नाव आजही जाणकार एका दमात घेतात. 1980 साली त्यांनी एक अख्खा डबा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि छपरापासून खालच्या पट्टीपर्यंत, खिडक्यांसकट रंगवला. त्यावर तोंडावर बुरखा असलेला जल्लाद होता आणि डब्याच्या लांबीभर तीन शब्द होते, ‘हँड ऑफ डूम’. विनाशाचा हात, असा त्याचा अर्थ आपल्याला लावता येईल. हे नाव ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधल्या हेवी मेटल वाद्यवृंदाच्या, 1970 साली निघालेल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतल्या एका गाण्याचे आहे. आपल्या लेखाच्या मांडणीत या डब्याला कुठे जागा आहे, हा माझा साधा प्रश्न आहे.

काळाचा क्रम पाहिला तरी ती मांडणी टिकत नाही. ‘टाकी 183’ अशी सही शहरभर करत फिरणाऱ्या एका निरोप्या मुलाविषयी न्यूयॉर्क टाइम्सने 21 जुलै 1971 रोजी बातमी छापली होती, आणि फिलाडेल्फियात तर भिंतींवर नावे लिहिण्याचा प्रकार त्याच्याही आधीपासून चालू होता. हिप-हॉपचा जन्म ज्या कार्यक्रमापासून मानला जातो, तो डीजे कूल हर्क यांचा ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरचा कार्यक्रम 11 ऑगस्ट 1973 चा आहे. म्हणजे नावे लिहिणारी मुले आधीच होती, हिप-हॉप नंतर आले, आणि ब्लॅक सॅबथची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी 1970 मध्ये, या दोन्ही तारखांच्या आधी बाजारात आलेली होती. हिप-हॉपने पुढे ग्राफिटीला आपल्यात सामावून घेतले, तिला जगभर नेले, हे सत्य आहे आणि त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु ज्याने बाळाला कडेवर घेऊन गाव दाखवले तोच त्याचा जन्मदाता, असे आपण म्हणत नाही.

हा डबा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट या दोघांनी या रेल्वेचित्रांची छायाचित्रे घेऊन 1984 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि उपयोजित कलेचा विद्यार्थी असताना, 1986 च्या पावसाळ्यात, मुंबईतल्या एका ग्रंथालयात मला ते हाती लागले. चॅल्फंट समोरच्या फलाटावर उभे राहून, गाडी थांबलेल्या काही सेकंदांत, पुढे सरकत सरकत एकाच डब्याची अनेक छायाचित्रे घेत आणि मग ती कडेला कडा जुळवून चिकटवत. म्हणून त्यांच्या पुस्तकातला डबा कुठेही तिरका न होता सरळ रांगोळीच्या पट्टीसारखा दिसतो. ग्रंथपालांची परवानगी घेऊन मी त्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि एक संपूर्ण दुपार ती अक्षरे उतरवून घेतली. तो कागद आता पिवळा पडला आहे, कडेला फाटला आहे, पण माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे.

त्या दुपारी मी जे शिकलो, ते वर्गात मला कोणी शिकवले नव्हते. त्या मार्गावरच्या डब्याची लांबी सुमारे 51 फूट. रोमन लिपीत या नावाची अक्षरे दहा, शिवाय शब्दांमधली दोन अंतरे आणि जल्लादाची आकृती. म्हणजे एकेका अक्षराच्या वाट्याला चार फुटांच्या आसपास रुंदी येते. त्यात डब्याच्या प्रत्येक बाजूला सरकत्या दारांच्या तीन जोड्या. स्थानक आले की दार उघडणार आणि त्या जागचे अक्षर मधोमध फाटणार, हे गृहीत धरूनच आखणी करायची. आम्ही नाटकाच्या फलकासाठी अक्षर काढतो तेव्हा दर दोन-चार रेषांनंतर दहा पावले मागे जातो, डोळे बारीक करून बघतो, काना झुकला की काय, गाठ जड झाली की काय, हे ताडतो, आणि मग पुन्हा फळ्याजवळ येतो. मागे जाणे हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे. रात्री गाड्या उभ्या करण्याच्या रेल्वेच्या यार्डात मात्र शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद बोळात उभे राहून, एक पाय या डब्यावर आणि एक त्या डब्यावर टेकवून, रात्रीच्या अंधारात ही मुले रंगवत असत. तिथे मागे जायला जागाच नसे. 51 फुटांचा मजकूर संपूर्ण कसा दिसतो, हे लिहिणाऱ्याला पहिल्यांदा कळायचे ते दुसऱ्या दिवशी, गाडी उजेडात फलाटाला लागल्यावर. ज्याने कधी हातात ब्रश धरून मोठे अक्षर काढले आहे, त्याला या एका गोष्टीवरूनच त्या हाताची तयारी कळेल.

फवाऱ्याच्या डब्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. डबा भिंतीच्या जवळ धरला तर रेष बारीक आणि कडक येते, पण हात जरा रेंगाळला की रंग ओघळतो. लांब धरला तर रेष रुंद आणि धूसर होते. म्हणून जाडी ठरते ती अंतरावर आणि वेगावर, आणि सरळ रेष मनगटातून नव्हे तर खांद्यातून यावी लागते. मोठा भाग चटकन भरता यावा यासाठी या मुलांनी घरगुती वापराच्या फवाऱ्यांच्या टोप्या काढून रंगाच्या डब्यांना बसवल्या. बोरूला हवा तसा काप देणारा आपला जुना लेखनिक आणि टोपी बदलून रेषेची जाडी ठरवणारा हा मुलगा यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आता संगीताकडे येतो. ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावातला वाद्यवृंद. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी हे सतरा वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होते, आणि तिथल्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा ताण उतरवून स्वर खाली आणला. आणि त्यातून जो जड, खोल, संथ नाद निघाला त्यावर हेवी मेटलची इमारत उभी राहिली. हे मी एवढ्या विस्ताराने सांगतो, कारण हत्याराची किंवा हाताची मर्यादा हीच शैली होते, ही गोष्ट अक्षरकाराला दुसऱ्या कोणापेक्षा अधिक जवळची आहे. ‘हँड ऑफ डूम’ हे गाणे व्हिएतनामच्या युद्धातून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांविषयी आहे. त्याच दशकात ब्राँक्सच्या गल्ल्यांनाही हेरॉइनने पोखरले होते, इमारतीमागून इमारती जळत होत्या, न्यूयॉर्क महापालिका 1975 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. अशा वस्तीतून जाणाऱ्या गाडीवर ते तीन शब्द परके वाटले नसतील. 22 जुलै 2025 रोजी या वाद्यवृंदाचे गायक ऑझी ऑस्बर्न यांचे निधन झाले तेव्हा मी तो ट्रेसिंग पेपर बाहेर काढून पुन्हा एकदा पाहिला.

मेटलने अक्षरांना काय दिले, असे कोणी विचारले तर मी आधी वजन असे म्हणेन आणि मग काटे. दोन्हीचे मूळ एकच आहे, ते म्हणजे युरोपातल्या मठांमध्ये रुंद टोकाच्या लेखणीने लिहिली जाणारी काळी, दाट, टोकदार अक्षरे. गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास बायबल छापले ते याच वळणात, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरचे नाव आजही याच वळणाचे आहे. 1970 च्या दशकात जेरार्ड ह्युएर्टा यांनी एसी/डीसी या वाद्यवृंदाचे नाव रेखाटले, तेव्हा गुटेनबर्गच्या बायबलचीच अक्षरे त्यांच्या नजरेसमोर होती. मोटरहेडने आपल्या नावातल्या एका अक्षरावर दोन टिंबे दिली, ज्यांचा उच्चाराशी काही संबंध नव्हता. ती केवळ नजरेला जड वाटावीत म्हणून होती. मेटॅलिकाच्या नावाची दोन टोके विजेसारखी खाली खेचली ती त्यांचे गायक जेम्स हेटफील्ड यांनी स्वतः. यातली बहुतेक नावे शाळेच्या वह्यांवर, जिन्सच्या जाकिटांच्या पाठीवर मुलांनी हाताने गिरवली. आणि ज्याने एखादे नाव शंभर वेळा गिरवले, त्याच्या हातात ते वळण मुरते. कोणत्याही लिपीचा अभ्यास आणखी कसा होतो?

बेल्जियममध्ये 1970 साली जन्मलेले क्रिस्तोफ श्पायडेल हे या वाटेने सगळ्यांत पुढे गेले. त्यांचे शिक्षण वनशास्त्राचे. मेटल वाद्यवृंदांसाठी त्यांनी हजारो नावे हाताने रेखाटली, नॉर्वेच्या एम्पररचे नाव त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या अक्षरांना मुळे फुटतात, फांद्या येतात, नावाची डावी बाजू आरशात पाहिल्यासारखी उजव्या बाजूला उमटते, आणि मध्ये कुठेतरी शब्द दडलेला असतो. ते भिंती रंगवणारे नव्हेत, कागदावर पेनाने काम करणारे आहेत. तरीही भिंतीवरच्या ‘वाइल्डस्टाइल’ या गुंतागुंतीच्या वळणाशेजारी, ज्याचे श्रेय ट्रेसी 168 आणि फेज 2 अशी टोपणनावे घेतलेल्या ब्राँक्सच्याच दोन रंगवणाऱ्यांकडे जाते, श्पायडेल यांचे काम ठेवून पाहिले तर दोन्ही एकाच प्रश्नाशी झगडत आहेत, हे लगेच दिसते. अक्षराला किती ताणले म्हणजे ते अक्षर राहत नाही, हाच तो प्रश्न.

आपल्या लेखात ‘वाचताही न येणारी अक्षरे’ असे शब्द आले आहेत, आणि त्यांचा सूर तक्रारीचा आहे. यावर मला थोडे थांबून लिहायचे आहे. पहिली गोष्ट अशी की, सीन यांची अक्षरे वाचता येतात. त्यांची ख्यातीच मुळी मोठ्या, ठसठशीत, धावत्या गाडीवरही नजरेत भरणाऱ्या अक्षरांची आहे. मेटलचे त्यांच्यावरचे ऋण काट्यांचे नाही, वजनाचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वाचता येणे हे अक्षराइतकेच वाचणाऱ्यावरही अवलंबून असते. आपल्याकडे मोडी लिपी शतकानुशतके दप्तरात चालली. हात न उचलता, अक्षराला अक्षर जोडत, आधी आखलेल्या शिरोरेषेखाली धावणारी ती लिपी आज शंभरातल्या नव्व्याण्णव मराठी माणसांना वाचता येत नाही. म्हणून पेशव्यांच्या कारकुनांना लिहिता येत नव्हते, असे आपण म्हणतो का? ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांना ते वाचता येत होते. एम्पररचे नाव त्या संगीताच्या रसिकाला क्षणात वाचता येते, आणि वाइल्डस्टाइलमधले नाव दुसऱ्या रंगवणाऱ्याला. तिऱ्हाईताला ते लागत नाही, इतकेच.

कायद्याविषयी माझ्या मनात कोणताही गोंधळ नाही आणि वाचकांच्या मनातही राहू नये. दुसऱ्याच्या भिंतीवर परवानगीशिवाय रंगवणे चूक आहे. आपल्या राज्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे आणि तो असायला हवा. न्यूयॉर्कच्या यार्डांत सहाशेहून अधिक व्होल्टची विजेची तिसरी पट्टी रुळांशेजारून जाते, तिच्यापायी मुलांचे जीवही गेले आहेत. 12 मे 1989 रोजी तिथल्या रेल्वेने शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला. सीन यांनी तोवर कॅनव्हासवर काम सुरू केले होते आणि ब्राँक्समध्ये गोंदणाचे दुकानही चालवले. या सगळ्याचा निवाडा कायदा करील. परंतु कायद्याने चूक ठरलेले अक्षर अक्षर म्हणून कसे आहे, हे पाहण्याचे काम वृत्तपत्राच्या कलाविषयक पानाचे आहे, आणि आपल्या लेखाने ते केलेले नाही. त्यात कोणत्या भिंती, किती दंड, कोणत्या पालिकेची मोहीम, एवढेच आहे. रेष, वळण, अंतर यांविषयी एक वाक्य नाही.

हेवी मेटल हे मराठी माणसाला फार दूरचे वाटेल, पण मुंबईपुरते ते तसे नाही. 1986 साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा उघड्या आभाळाखाली उभे राहून ऐकणाऱ्यांत मी होतो. आयर्न मेडन या इंग्लंडमधल्या मेटल वाद्यवृंदाने 1 फेब्रुवारी 2008 रोजी आपल्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत केला. ‘डेमोनिक रेझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ ही या शहरातल्याच वाद्यवृंदांची नावे, आणि त्यांतले दुसरे नाव तर कानाला अर्थ सांगायची गरज नाही असे. या मंडळींच्या पत्रकांवर, टी-शर्टांवर, ध्वनिमुद्रिकांवर अक्षरांचे जे काम झाले आहे, त्याची दखल आमच्या व्यवसायातल्यांनी घेतली नाही, याचे मला वाईट वाटते. कमल शेडगे यांनी नाटकाच्या नावातून नाटकाचा स्वभाव दाखवला, र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा अभ्यास संगणकापर्यंत नेला, अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांना चित्राच्या चौकटीत आणले. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण परंपरेचा अभिमान असणाऱ्यानेच तिच्या कडेला काय उगवते आहे, हे पाहायला हवे.

मी स्वतः एकदा प्रयत्न केला होता. 1991 साली एका जाहिरात संस्थेत नोकरीला असताना, महाविद्यालयीन तरुणांच्या संगीत कार्यक्रमासाठी मी देवनागरीत ‘वज्राघात’ असा शब्द रेखाटला. शिरोरेषा मी खडकाच्या कड्यासारखी तुटक ठेवली होती, ‘ज्र’ची तिरकी रेष विजेसारखी खाली ओढली होती, आणि दोन्ही टोकांचे काने जमिनीत रुतल्यासारखे लांबवले होते. सहा रात्री त्यावर खर्ची पडल्या. माझ्या वरिष्ठांनी तो कागद ग्राहकापर्यंत जाऊच दिला नाही; ही अक्षरे नाहीत, काटेरी कुंपण आहे, असे सांगून त्यांनी मला संध्याकाळपर्यंत सरळ ठळक अक्षरात तोच शब्द काढून द्यायला लावला. मी तो दिला. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना मुदत पाळायची होती. परंतु त्यानंतर तीस वर्षे मी पुन्हा तसे अक्षर काढले नाही, याची खंत मला आहे.

ती खंत गेल्या दिवाळीनंतर थोडी हलकी झाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीचे प्लास्टर नव्याने झाले, आणि कार्यकारिणीने रीतसर ठराव करून एका तरुणाला ती रंगवायला दिली. तो कानात हेडफोन लावून सकाळी आठला यायचा, आणि हेडफोनमधून बाहेर झिरपणारा तो नाद मी ओळखला. त्याने भिंतीवर चौदा फूट लांबीत एकच शब्द काढला, ‘घनघोर’. शब्दाची निवडच त्याच्या समजेची साक्ष देणारी होती, कारण त्यात ‘घ’ दोनदा येतो, आणि मेटलच्या अक्षरांना हवा असणारा डाव्या-उजव्या बाजूंचा तोल त्या दोन ‘घ’मुळे सांभाळता येतो. त्याहून मोठी गोष्ट त्याने शिरोरेषेच्या बाबतीत केली. रोमन अक्षरे जमिनीवर उभी असतात, म्हणून श्पायडेल यांच्या नावांना खालून मुळे फुटतात. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. या मुलाने शिरोरेषेची एक जाड, खडबडीत फांदी केली आणि सगळी अक्षरे तिच्यापासून वडाच्या पारंब्यांसारखी खाली सोडली. काही पारंब्या जमिनीला टेकल्या, काही अधांतरी राहिल्या. ही कल्पना कुठल्याही परदेशी नमुन्यातून आलेली नव्हती. ती देवनागरीच्या रचनेतूनच निघालेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ भिंतीकडे पाहत उभा राहिला. मी खाली उतरलो. तो म्हणाला, “काका, लांबून हे ‘धनधोर’ वाचलं जातंय का?” मी पाहिले, आणि त्याचे बरोबर होते. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेच्या डावीकडच्या त्या एका फटीत आहे. ‘ध’ला ती असते, ‘घ’ला नसते. फांदी खडबडीत करण्याच्या नादात त्याने दोन्ही ठिकाणी नेमकी तिथेच खाच पाडली होती. त्याने त्या दोन खाचा बुजवल्या, त्याऐवजी ‘न’च्या डोक्यावर एक मोठी भेग घेतली, जिथे अर्थाला धक्का लागत नव्हता, आणि मग पुन्हा रस्ता ओलांडून पाहिले. संपादक महोदय, चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली अनेक पदवीधर मुले आली. वाचता न येणारे अक्षर काढतो असा ज्याच्यावर आरोप व्हायचा, त्या या मुलाइतकी वाचनीयतेची काळजी मी त्यांच्यापैकी थोड्यांमध्येच पाहिली.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, आपल्या पुरवणीने या विषयाकडे पुन्हा एकदा वळावे आणि या वेळी अक्षरांच्या बाजूने वळावे. हेवी मेटलचे नाते सांगणारा मजकूर त्यात यावा, सीन यांच्यासारख्या अक्षरकाराचे काम मराठी वाचकाला दाखवावे, आणि देवनागरीत असे काम करणाऱ्या तरुणांना, त्यांनी ते परवानगीने केलेले असेल तर, त्यांच्या नावासह जागा द्यावी. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत सुलेखनाच्या स्पर्धा होतात, त्यांत बक्षिसे नेहमी एकाच प्रकारच्या गोंडस अक्षराला मिळतात; अशा स्पर्धांना जड, उग्र, काटेरी अक्षरासाठीही एक वेगळा गट ठेवता येईल, आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने पुढाकार घेतला तर परीक्षक म्हणून मी विनामूल्य बसायला तयार आहे. पालिकांनीही उड्डाणपुलांखालच्या काही भिंती अक्षरांसाठी राखून ठेवाव्यात. सध्या तिथे झाडे, पक्षी आणि स्वच्छतेचे संदेश रंगवले जातात. त्यांच्या शेजारी एखादी भिंत नुसत्या अक्षरांची असायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी लहान वाटेल पण या कलेच्या दृष्टीने लहान नाही. आपल्या लेखासोबत छापलेल्या छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, रंगवणाऱ्याच्या सहीचा अर्धा भाग दिसतो आणि उरलेला स्तंभाच्या रुंदीसाठी कापलेला आहे. ग्राफिटीचा जन्म नाव लिहिण्यातून झाला, त्यामुळे तिथे सही हा चित्राचा शेवट नसून उगम आहे. या पत्रासोबत मी ‘घनघोर’चे एक छायाचित्र आणि 1991 सालच्या ‘वज्राघात’ची एक प्रत पाठवत आहे. जागेअभावी एकच छापणे शक्य असेल तर ‘घनघोर’ छापावे. त्या तरुणाची सही खाली उजवीकडे, शेवटच्या पारंबीच्या टोकाशी आहे. छायाचित्र लहान केले तरी चालेल, पण तेवढी ती कापली जाऊ नये.

आपला नम्र,
एक निवृत्त अक्षररेखक
डोंबिवली (पूर्व)